ही पायरी कुणासाठी

"तुला जमायचं नाही" असं माझ्यासमोर ज्यानं ज्यानं म्हटलं, त्याला पुढं ते शब्द गिळावे लागलेत. शिलाई मशीन विकणाऱ्याला लागले, जुन्या घरमालकाला लागले, थोरल्याच्या वेळी डॉक्टरीणबाईंना लागले. त्यामुळे आमच्या धाकटीनं फोनवर ते म्हटले, तेव्हा मी आधी गॅस बंद केला. असलं काही असलं की नीट ऐकून घ्यावं, फोडणीच्या आवाजात अर्धं निसटतं.

धाकटी म्हणजे माझी मुलगी. डोंगरावरच्या एका ठाण्यात नोकरीला आहे. वारा किती सुटला, पाऊस किती पडला, हे यंत्रावर बघायचं आणि खाली कळवायचं. घरात मी "वारा मोजते" म्हणते, बाहेर "हवामानात आहे" म्हणते. वर जाऊन तिला बरेच दिवस झाले आणि ती राहते कुठं, चूल कुठं पेटवते, दाराला कडी आहे की नाही, यातलं मी काहीच बघितलेलं नाही. फोनवर आवाज येतो तोही वाऱ्यातून गाळून.

"आम्ही तुझी खोली बघायला येतोय," मी म्हटलं.

"नको गं आई."

"नको म्हणजे?"

"वर रस्ता नाहीये. साधी गाडी येतच नाही. आणि झोपणार कुठं तुम्ही? माझ्याकडे एक खाट आहे."

"आमची सोय आम्ही करू."

"आई, खरंच सांगते. तुला जमायचं नाही." मग जरा थांबून म्हणाली, "थोड्या दिवसांनी ओढ्याला पाणी आलं की वाटच बंद होते. मोसम संपला की मीच येईन ना खाली."

म्हणजे तोवर आईनं फोन कानाला लावून वारा ऐकायचा. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि गॅस पुन्हा पेटवला. आमच्या घरात मी "बरं" म्हटलं की हे घड्याळ दुरुस्त करायच्या टेबलाशी जाऊन बसतात.

हे म्हणजे आमचे यजमान. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली. त्यामुळे जितकं बारीक तितकं ह्यांना दिसतं आणि जितकं मोठं तितकं दिसत नाही. कपाट दिसत नाही, कपाटातला स्क्रू दिसतो.

संध्याकाळी सगळे जेवायला बसल्यावर मी सांगून टाकलं. डोंगर चढणारी मोठी गाडी बघायची, पुढं बसायला जागा आणि मागं हौदा असलेली. रात्री गाडीवरच तंबू टाकून झोपायचं. ओढ्याला पाणी यायच्या आत धाकटीच्या दारात जाऊन उभं राहायचं.

थोरल्याचा घास हातातच राहिला. हा माझा मुलगा विम्याच्या कचेरीत आहे. दिवसभर लोकांना अपघातांची भीती घालतो आणि रात्री फोनवर चिखलात रुतलेल्या गाड्या बघतो. लोक मुद्दाम चिखलात जातात, रुततात, मग दुसरी गाडी येऊन ओढून काढते. हे तो वर्षानुवर्षं बघतोय. मला वाटायचं, लग्न झाल्यावर कमी होईल.

"आई, तू खरंच म्हणतेयस?" त्यानं विचारलं.

"मी खोटं कधी म्हणते?"

"पण आई, पैसे?" सूनबाई म्हणाली. ती बँकेत आहे, तिचा दोष नाही.

"ते माझ्याकडे आहे," मी म्हटलं. आमच्या घरात तो विषय इथंच संपतो.

रविवारी जुन्या गाड्यांच्या आवारात गेलो. गाड्या कशा ओळीत उभ्या होत्या, धुऊन पुसून, दाखवायला आणलेल्या मुलींसारख्या. थोरल्यानं टायर लाथाडले. ह्यांनी भिंग काढून एका गाडीचा वायपर तपासला आणि "यातला एक रिव्हेट जरा सैल आहे" असं गंभीरपणे सांगितलं. सूनबाईनं मालकाला विचारलं, गाडी किती वर्षांची. मालक म्हणाला, "ताई, गाडीचं वय बघू नका, तब्येत बघा."

मी तसलं काही केलं नाही. भांडी घेताना करते तेच केलं. बोटाच्या पेरानं वाजवून बघितलं. एका चकचकीत निळ्या गाडीचा आवाज पिंपासारखा आला, ती सोडली. शेवटी एक राखाडी, चार दरवाज्यांची, मागं हौदा असलेली धिप्पाड गाडी माल उतरवायच्या कट्ट्याला लावून ठेवली होती. पूर्वी पाइपलाइन टाकणाऱ्या ठेकेदाराकडे होती म्हणे. तिच्या अंगावर ठोसा मारला तर माझाच हात झिणझिणला. मी कट्ट्यावर उभी होतेच. दार उघडलं आणि सरळ आत पाऊल टाकलं, माजघरातून स्वयंपाकघरात जावं तसं. बसले. बैठक रुंद, पाठ ताठ, समोर काच एवढी मोठी की शेजारपाजाऱ्यांचं सगळं दिसावं.

"हीच," मी म्हटलं, आणि पुन्हा कट्ट्यावर पाऊल टाकून बाहेर आले.

आता एवढ्या माणसांत एकाच्याही लक्षात आलं नाही की कट्टा आपल्याबरोबर येणार नाही. माझ्याही नाही आलं, पण मी तर एकटी होते. बाकी सगळे शिकलेले होते.

कागदपत्रं होऊन गाडी दारात आली, तेव्हा मी हौसेनं चपला घालून बाहेर गेले. दार उघडलं. आणि आतली जमीन माझ्या कमरेला लागली. मी उंचीनं बेताची आहे, हे मी कुणाकडून ऐकून घेत नाही, पण स्वतःशी मान्य करते. गुडघ्यांचं मी स्वतःशीही बोलत नाही. मी एक पाय उचलून बघितला. पाय गेला तेवढाच गेला, जिना चढताना जातो तेवढा. मी तो खाली ठेवला, जणू चप्पल झटकत होते, आणि म्हणाले, "आतून पुसायला हवी."

"बैस ना आई, एक चक्कर मारू," थोरला म्हणाला.

"आधी पुसा. धुळीत मी बसत नाही."

त्यानं पुसली. मग मी म्हणाले सीटला खोळी हव्यात. खोळी झाल्या. मग डोकं दुखायला लागलं. अशी माझी गाडीत न बसण्याची कारणं रोज ताजी निघत होती आणि गाडी दारात उभी राहून ती ऐकत होती.

शेजारी एवढं लोखंड येऊन उभं राहिल्यावर सल्ला न देता राहणारा माणूस अजून जन्मायचाय. आमच्या शेजारी कर्नल राहतात. सैन्य त्यांनी वर्तमानपत्राबाहेर बघितलेलं नाही, नोकरी गोदामात केली. पण मिश्या हुद्द्याच्या आहेत, म्हणून सगळे कर्नल म्हणतात आणि तेही "ओ" देतात. ते हात मागं बांधून गाडीभोवती दोनदा फिरले.

"पोट फार खाली आहे," ते म्हणाले.

हे पटकन स्वतःच्या पोटाकडे बघून आत घ्यायला लागले.

"गाडीचं हो. डोंगराच्या वाटेवर मधोमध दगड असतात. पोट घासलं की संपलं. गाडी वर उचलून घ्या. मोठे टायर टाका, खाली जाड स्प्रिंगा घाला."

"मी तेच म्हणत होतो," थोरला म्हणाला. त्याचे डोळे लकाकले.

"पण," कर्नलांनी माझ्याकडे वळून आवाज मऊ केला, "मग वहिनींना चढायला जमेल ना?"

इथं मला एवढंच म्हणायचं होतं की बघू. एवढं साधं. पण "जमेल ना" हा शब्द कानात गेला की माझी जीभ माझं ऐकत नाही.

"मला?" मी म्हटलं. "माझं सोडा. तुम्ही अजून वीतभर वर घ्या."

थोरल्यानं ते लगेच फोनमध्ये लिहून घेतलं. माझा सल्ला तो जन्मात पहिल्यांदा लिहून घेत होता.

गाडी गॅरेजला गेली. परत आली तेव्हा तिच्या सावलीत स्कूटर उभी राहील अशी झाली होती. पुढं रुतल्यावर ओढायची तारगुंडी आली. छपरावर घडीचा तंबू आला. हौद्यात ह्यांनी स्वयंपाकाचं कपाट बसवलं, त्यात बत्तीस लहान खण, प्रत्येकाला पितळी कडी. एका खणात चमचा मावायचा, पण आडवा नाही, उभा. डाव कुठं ठेवायचा विचारलं तर म्हणाले, "डावाचा विचार झालेला नाही." सूनबाईनं पडदे शिवले. कर्नलांच्या बायकोनं आरसा दिला. शेजारची माणसं संध्याकाळी फिरायला निघाली की आमच्या गाडीशी थांबून एखादी सूचना टाकून पुढं जायची, आणि थोरला ती अंमलात आणायचा. मी एकटीच उंबऱ्यात उभी राहून "छान, छान" म्हणत होते आणि प्रत्येक "छान"ला दार आणखी वर गेल्यासारखं वाटत होतं.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. हे दुकानात घड्याळाची कसलीतरी कमान आणायला गेले होते. मी स्वयंपाकघरातलं स्टूल घेतलं. माळ्यावरचे डबे मी त्याच स्टुलावरून काढते, त्यामुळे आमचा एकमेकांवर विश्वास आहे. स्टूल गाडीशी लावलं, वर चढले, दाराची कड धरली आणि एक पाय आत टाकला. इथवर उत्तम. पण दुसरा पाय उचलायचा म्हणजे पहिल्यावर जोर द्यायला हवा, आणि पहिला म्हणाला मी नाही. मागं यावं तर स्टूल कलायला लागलं. तशी मी अर्धी गाडीत, अर्धी जगात, अशी लटकले.

"वहिनी?" वरून आवाज आला. कर्नलांची बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती. "काय करताय?"

"सीटखाली बघतेय," मी म्हटलं. "उंदीर गेला की काय."

"येऊ का?"

"नको. उंदरालाच यायचं असेल तर येईल."

ती बराच वेळ कपडे वाळत घालत राहिली. एवढे कपडे त्यांच्या घरात आहेत हे मला माहीत नव्हतं. शेवटी ती आत गेली आणि मी कशी खाली आले ते मी लिहिणार नाही. स्टुलाचा एक पाय मोडला एवढं सांगते.

दुसऱ्या दिवशी मी चालत वेल्डरकडे गेले. गाडीचं काम त्याच्याकडेच चाललं होतं. गॅरेजच्या दारात काळा चष्मा कपाळावर सारून चहा पीत बसला होता.

"एक काम आहे," मी म्हटलं. "कुणाला सांगायचं नाही."

"शब्द दिला, मावशी."

"गाडीला चढायला एक पायरी लाव. आमच्या ह्यांच्यासाठी. त्यांचे गुडघे गेलेत, पण फार मानी माणूस. त्यांना विचारलंस तर नाही म्हणतील. गुपचूप लाव."

तो माझ्याकडे जरा विचित्र बघत राहिला. मग म्हणाला, "कुठल्या बाजूला?"

"डावीकडे. पुढच्या दाराला."

"तिथं तर..." तो थांबला. चहाचा घोट घेतला. "बरं. करतो कुठंतरी सोय."

मी घरी आले. त्या दिवशी मला आमटीला चव आल्यासारखं वाटलं. ह्यांच्यासाठी एवढं केलं म्हणून मनही भरून आलं. थोडा वेळ मला खरंच वाटायला लागलं होतं की गुडघे ह्यांचेच गेलेत.

तो वेल्डर शब्दाचा इतका पक्का असेल असं वाटलं नव्हतं. उरलेल्या कामाला गाडी त्याच्याकडे गेली आणि परत आली ती ताडपत्रीखाली. आम्ही सगळे बाहेर गेलो, कर्नल सपत्नीक आले. त्यानं ताडपत्री ओढली.

पुढच्या डाव्या दाराला रुंद लोखंडी पायरी. तिच्याखाली आणखी एक, जरा लहान. उजवीकडे घडीची शिडी. मागच्या दरवाज्यांना दोन्हीकडे जाळीच्या पायऱ्या. हौद्याला मागून एक जिना, तोही कठड्यासकट. आणि जिथं जिथं हाताला काही लागेल तिथं धरायला नळीचे दांडे. गाडी अशी दिसत होती की तिच्यावर चढून कुणीतरी भाषण करणार आहे.

थोरला गाडीभोवती एक फेरी मारून आला.

"हे कुणी सांगितलं?" शेवटी थोरल्यानं विचारलं.

"मी नाव सांगणार नाही," वेल्डर म्हणाला. "शब्द दिलाय."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

हे भिंग काढून एका बोल्टाकडे बघायला लागले. सूनबाईला एकाएकी पडदे आठवले. कर्नलांनी मिशी पुसली, जिच्यावर काही नव्हतं. मी आभाळाकडे बघितलं. हळूहळू मला उमगायला लागलं. ह्यांनी मी मानी म्हणून माझ्यासाठी सांगितली. थोरल्यानं वेल्डरला बापासाठी म्हणून सांगितली, पण सांगताना माझी उंची दिली. सूनबाईनं तेच. दांडे कर्नलांचे होते, त्यांच्या बायकोनं उंदराची गोष्ट घरी सांगितली असणार. एवढ्या सगळ्यांनी माझी अब्रू झाकायला एकेक पायरी आणली होती आणि आता ती अब्रू चारही बाजूंनी गाडीला लटकत होती.

"छान झालंय," मी म्हटलं. "भक्कम."

"वेल्डिंग नाही केलं, बोल्ट मारलेत," वेल्डर म्हणाला. "काढायला लागतील कधीतरी, असं वाटलं."

एवढे बदल केल्यावर गाडी पासिंगला न्यावी लागते. ओढ्याच्या वरच्या अंगाला ढग जमायला लागलेत असं धाकटी त्या आठवड्यात फोनवर म्हणाली होती, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. सगळे निघालो. मी थोरल्याच्या जुन्या छोट्या गाडीतून, सूनबाईच्या शेजारी. "मोठीत का नाही बसत?" असं कुणी विचारलं नाही. पायऱ्या असूनही मी त्यांच्यावर अजून पाय ठेवला नव्हता. ठेवला असता तर त्या माझ्या झाल्या असत्या.

पासिंगच्या कचेरीत पहिल्या खिडकीनं कागद उलटसुलट केले. "वर तंबू, मागं स्वयंपाकघर. यात झोपणार?"

"झोपणार," थोरला म्हणाला. तो घाबरला की खरं बोलतो.

"मग ही गाडी नाही, निवास झाला. शेवटच्या खिडकीला जा."

शेवटच्या खिडकीनं चाकं आहेत म्हणून परत पहिल्या खिडकीला पाठवलं. अशा दोन फेऱ्या झाल्यावर मी पुढं झाले.

"साहेब," मी पहिल्या खिडकीत डोकं घातलं, "माणूस जिथं झोपतो तो निवास का?"

"हो, मावशी."

"मग तुमच्या मागच्या टेबलावरचे ते साहेब मघापासून झोपलेत. ही कचेरी म्हणायची की निवास?"

रांगेत कुणीतरी हसलं. मागचे साहेब जागे झाले आणि शिक्का त्यांच्याकडेच होता, म्हणून त्यांनी तो मारला. थोरला माझ्याकडे असा बघत होता, जसा चिखलातून निघालेल्या गाडीकडे बघतो. मला कबूल करायला हरकत नाही, त्या घटकेला मी जरा जास्तच ताठ चालत होते.

बाहेर आवारात तपासणीचे साहेब होते. तरुण, शांत, हातात मोजपट्टी. असल्या माणसाशी भांडता येत नाही, कारण तो भांडतच नाही. त्यांनी उंची मोजली, ती नियमात बसली, अगदी कडेकडेनं. दिवे बघितले. ह्यांचे बत्तीस खण एकेक करून उघडले आणि बंद केले, त्यामुळे हे त्यांच्यावर खूश झाले. मग पट्टी आडवी धरली.

"या पायऱ्या गाडीच्या अंगाबाहेर येतात," ते म्हणाले. "काढाव्या लागतील."

"सगळ्या?"

"कुणाला चढायला त्रास असेल तर एक ठेवता येते. एका दाराला, मर्यादेत. पण कुणासाठी आहे ते सांगावं लागेल, आणि त्या माणसानं आत्ता माझ्यासमोर चढून दाखवायचं. नाहीतर लोक शोभेला लावतात." त्यांनी आमच्याकडे बघितलं. "कुणासाठी आहे?"

आवारात एक ट्रक नुसताच चालू होता, त्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. थोरला जमिनीकडे बघत होता, सूनबाई पर्समध्ये. वेल्डर बरोबर आला होता, तो आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

"नंतर येऊन सांगितलं तर?" थोरल्यानं विचारलं.

"पुढची तारीख मिळेल. गर्दी आहे, महिना तरी जाईल."

महिन्यानं ओढा भरलेला असणार.

"माझ्यासाठी," हे एकदम म्हणाले. "माझ्यासाठी आहे पायरी. गुडघे." आणि ते लंगडायला लागले.

मी ह्यांच्याबरोबर इतकी वर्षं काढली, पण ह्यांना लंगडता येत नाही हे मला त्या दिवशी कळलं. गाडीच्या पुढून डाव्या पायानं लंगडत गेले आणि मागून आले ते उजव्यानं.

साहेबांनी पट्टी गुंडाळली. "आजोबा, नक्की कुठला गुडघा?"

"दोन्ही," हे म्हणाले. कपाळावर घाम आला होता. "आळीपाळीनं."

घड्याळाचे बारीकसारीक काटे जुळवणारा माणूस माझ्यासाठी भर आवारात, परक्या लोकांसमोर, माझं लंगडणं लंगडत होता. आणि किती वाईट लंगडत होता. मला ते बघवेना. खोटं मी एक वेळ सहन करीन, पण वाईट काम नाही.

"व्हा बाजूला," मी म्हटलं. "साहेब, ह्यांचे गुडघे ठणठणीत आहेत. पायरी माझ्यासाठी आहे. मला गाडीत चढता येत नाही."

इतके दिवस मला वाटत होतं, हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं की काहीतरी कोसळेल. ट्रक तसाच चालू होता. साहेबांनी मान हलवली, जणू मी त्यांना वेळ सांगितली होती.

"चढून दाखवा, मावशी."

मी पदर खोचला. एका हातानं दांडा धरला. ह्यांचीच पायरी होती ती, रुंद, आणि तिच्या कडेला घसरू नये म्हणून बारीक बारीक खाचा मारलेल्या, घड्याळाच्या चक्राला असतात तशा. असल्या खाचा वेल्डर मारत नाही. पाय ठेवला. दुसरा उचलला. पहिला या वेळी काही म्हणाला नाही. आणि मी बसले.

वरून बघितलं तर आवाराची भिंत ओलांडून पलीकडचा रस्ता दिसत होता. छोट्या गाड्यांची टपं दिसत होती. साहेबांच्या टाळूवर मधोमध टक्कल पडायला लागलंय तेही दिसलं, ते मी बोलले नाही. हे खाली उभे होते, वर बघत, अजून थोडे लंगडल्यासारखे.

"या आता," मी म्हटलं. "दुसऱ्या बाजूनं चढा. तुम्हाला पायरी लागत नाही."

शिक्का मिळाला. वेल्डरनं तिथंच बाकीच्या पायऱ्या, शिडी, जिना, सगळं सोडवलं. थोरला म्हणाला, भंगारवाल्याला देऊन टाकू.

"एवढ्या मायेनं लावलेलं लोखंड भंगारात देतात?" मी म्हटलं. "हौद्यात टाक. बोल्टसुद्धा."

दोन दिवसांनी निघालो. थोरला चालवत होता, शेजारी मी, मागं हे आणि सूनबाई. कर्नल फाटकाशी उभे राहून सलाम करत होते. ओढ्यात पाणी यायला सुरुवात झाली होती, टायरच्या निम्म्यापर्यंत. थोरला आधी भ्याला आणि मग इतका खूश झाला की पलीकडे जाऊन त्याला परत एकदा ओढा ओलांडायचा होता. मी नको म्हटलं. वाटेत मधोमध दगड होते, कर्नल म्हणाले होते तसे. एकदा रुतलोही. तारगुंडी लावून निघालो. त्या वेळी माझ्या मुलाच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याच्या लग्नातही बघितलेलं नाही, आणि हे मी सूनबाईसमोर बोलले, तीही हसली.

ऊन उतरताना वर पोचलो. गवताचं पठार, त्यावर फिरणारी यंत्रं आणि धाकटीची खोली. खोली चार उंच खांबांवर होती. ओल येते, जनावरं येतात म्हणून. वर जायला एक बारीक शिडी, दोन दांड्यांत माझा अख्खा पाय मावेल एवढं अंतर, आणि जवळपास उभीच.

धाकटी धावत आली. गाडीकडे बघितलं, पायरीकडे बघितलं, मी दांडा धरून उतरत होते त्याकडे बघितलं. बारीक झाली होती. मग शिडीकडे बघून तिचा चेहरा पडला.

"म्हणून म्हणत होते मी, आई," ती हळूच म्हणाली. "रस्त्याचं काही नव्हतं गं. तू इथवर येशील हे माहीत होतं. पण ही शिडी तुला चढता आली नसती. तू कुणाला हात लावू दिला नसतास, आणि 'मला इथंच गार वाटतंय' म्हणत खाली बसून राहिली असतीस. माझ्या दारात."

आता ही पोरगी एवढा वारा मोजते, तिला आईचं मोजमाप येणारच. मी थोरल्याकडे वळले.

"हौद्यातलं लोखंड काढ."

तो समजला. जिना, कठडा, जाळीच्या पायऱ्या, सगळं खाली आलं. ह्यांनी बत्तीसातला नेमका खण उघडला आणि त्यात नेमका पाना होता. डाव आणायचा राहिला होता, पण पाना होता. खांबाला कुठं भोकं पाडायची यावर बापलेकांचं जोरात भांडण झालं. सूनबाईनं बोल्ट मोजून हातात दिले. अंधारायच्या आत खोलीला जिना लागला. जरा वाकडा, निम्मा जाळीचा, निम्मा पट्टीचा, पण धरायला दोन्हीकडे दांडे.

मी पहिल्या पायरीशी उभी राहिले. सगळे मागं सरकले आणि दुसरीकडेच बघायला लागले. सवय झाली होती त्यांना.

"बघताय काय नुसते," मी म्हटलं. आणि धाकटीला म्हणाले, "हात दे."

तिनं दिला. गार होता आणि खरखरीत झाला होता. आम्ही दोघी वर गेलो. दाराला कडी होती, चांगली भक्कम. एक खाट, एक चूल, खिडकीत घासलेला कप, भिंतीला माझा फोटो, ज्यात मी कुणावर तरी चिडलेय. मी खाटेवर बसले. खिडकीतून सगळा डोंगर खाली गेलेला दिसत होता.

"खोली झाडत नाहीस तू," मी म्हटलं.

"आई," ती म्हणाली, आणि माझ्या खांद्याला डोकं टेकलं. खालून ह्यांचा आवाज येत होता, एक बोल्ट सैल राहिलाय, कुणी उतरू नका.

"उतरताना काय करशील?" धाकटीनं विचारलं. "उतरायला जास्त त्रास होतो."

"ते उद्या बघू," मी म्हटलं. "आधी चहा टाक."